मिठाचं बघणारा

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दुपारी गरिबांना जेवायला मिळतं, हे कळलं तेव्हा पेंटरच्या हाताला काम उरलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलं. मग पाट्या मशीनवर छापून यायला लागल्या आणि त्याचे ब्रश वाळून गेले. मुलगी परगावी. "बाबा, वेळेवर जेवता ना?" असं ती फोनवर विचारायची आणि हा बहाद्दर "अगं, पोट सुटलंय!" असं ठोकून द्यायचा.

पहिल्या दिवशी तो जेवायलाच गेला होता. पण रांग कुठून सुरू होते ते न कळल्यामुळे टेबलाच्या भलत्याच बाजूला उभा राहिला. तेवढ्यात पातेलं सरकवताना सूप वाढणाऱ्या सिस्टरांचा हात भाजला. "काका, धरा जरा," म्हणून त्यांनी डाव त्याच्या हातात दिला. समोर वाटी आली, त्याने सूप वाढलं. मग दुसरी आली. रांग संपेपर्यंत हा वाढपी होऊन बसला होता.

आता कुणी म्हणेल, सांगून टाकायचं ना सरळ! पण त्या हॉलची एक रीत होती. येईल त्याला पाहुणा म्हणायचं आणि कुणालाही काही विचारायचं नाही. घर कुठे, काम काय, इथे कसे, काहीच नाही. माणसाची अब्रू राखण्यासाठी घालून दिलेली ही रीत पेंटरच्या मात्र मुळावर आली. कुणी विचारेना आणि आपणहून सांगायला याची जीभ रेटेना. बाकीचे मदतनीस घरी जाऊन जेवत. हा मागे रेंगाळून, "मिठाचं बघतो," म्हणत तळाचं सूप पिऊन टाकी. मिठाच्या बाबतीत इतका चोखंदळ माणूस सिस्टरांनी जन्मात पाहिला नव्हता.

असं वर्ष गेलं. आपण देणारे की घेणारे, हे त्याचं त्यालाच समजेना. देणारा म्हणावं तर पोटात कावळे ओरडत होते. घेणारा म्हणावं तर लोक "काका, थोडं वाढा ना," म्हणत त्याच्या तोंडाकडे बघत. आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. त्यामुळे घोळ आणखीच वाढला.

मग आरोग्य खात्याचा माणूस येऊन गेला आणि सिस्टरांनी मदतनिसांसाठी निळे एप्रन शिवले. "काका, हा तुमचा."

पेंटर एप्रन धरून उभा राहिला. आज पाहुणे पार रस्त्यापर्यंत होते, तळाला थेंब उरणार नव्हता. आदल्या दिवसापासून त्याच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. एप्रन बांधला की आपण कायमचे या बाजूचे. न बांधावा, तर का ते सांगायला हवं. त्याने तो गळ्यात अडकवला, काढला, पुन्हा अडकवला.

"अहो काका, उलटा घातलात," सिस्टर म्हणाल्या.

रांगेत पहिला कर्नल होता. फौजेत पाऊलही न टाकता निव्वळ मिशांवर हे नाव कमावलेला म्हातारा. त्याने वाटी ठेवली, टेबलाला वळसा घातला आणि पेंटरच्या गळ्यातला एप्रन काढून घेतला.

"आज मी वाढतो. तू बस."

"अरे, पण मी तर..."

"वर्षभर बघतोय तुला. बाकीचे वाढताना आमच्या वाटीकडे बघतात. तू पातेल्यात बघतोस, किती उरलंय ते. मीही तेच बघतो."

सिस्टरांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग खुर्ची मागे ओढली. "बसा काका."

तो बसला. लाज वाटत होती, सुटल्यासारखंही वाटत होतं आणि हातातला डाव गेल्याचा चक्क रागही आला होता. यातलं नेमकं काय खरं, ते त्याला कळेना. तोवर पुढ्यातली वाटी रिकामी झाली होती.

"अजून?" कर्नलने विचारलं.

हेच पेंटर वर्षभर सगळ्यांना विचारत आला होता. उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती. सवयीने त्याने मान उंचावून पातेल्यात डोकावलं.

"तिकडे नको बघू," कर्नल खेकसला. "वाटी पुढे कर."