पाटावर बसवलेला चोर

डूख धरणं हा माझा स्वभाव आहे आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. आई म्हणायची, "एवढं मनात ठेवू नये गं, पोटात दुखतं." माझं पोट ठणठणीत आहे. ज्याचं दुखायला हवं होतं त्याचं दुखलं आणि ते मी समोर उभी राहून पाहिलं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आम्ही नेरूळला राहायचो. मी वाशीला एका ऑफिसात टायपिंग करायचे आणि रविवारी दुपारी, घरात 'मैत्रिणीकडे जाते' असं सांगून, तुर्भ्याला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये जायचे. तिथे तिघं जण वाजवायचे. एकाकडे बेंजो होता, हळदीला वाजतो तो, तारांचा आणि बटणांचा. हा जुईनगरजवळच्या जुन्या गावातला आगरी, लग्नसराईत तेच तेच वाजवून विटलेला. दुसरा तळोज्याला केमिकल कंपनीत कामाला होता आणि तिथली रिकामी निळी पिंपं आणून बडवायचा. कितीही धुतली तरी त्यांचा वास जायचा नाही. पहिल्या रांगेत बसलं की डोळे चुरचुरायचे. तिसरा न्हावा शेव्याला कस्टमच्या एजंटकडे कारकून. तो स्वतः काहीच वाजवायचा नाही. कॅसेटमधली रीळ कापायची, सेलोटेपने गोल जोडायची आणि क्रेनची करकर किंवा बायकोच्या भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचा, हे त्याचं वाद्य.

पहिल्या दिवशी मला हसूच आलं होतं. पण पुढच्या रविवारी माझे पाय आपोआप तिकडे वळले. बेंजोवाल्याने मला दारातच गाठलं.

"तू परत आलीस गो? लोका एकदा येतान, परत कोन नाय येत."

"मला आवडलं," मी म्हटलं.

"काय आवडला?"

मला सांगता येईना. आजही नीट सांगता येत नाही. बाबा घरी रेडिओ लावायचे तेव्हा गाणं पुढे कुठे जाणार ते मला आधीच कळायचं. आयुष्यातलंही कळतच होतं: टायपिंग, मग स्थळं, मग दुसऱ्या कुठल्या तरी सेक्टरातला असाच फ्लॅट. या शेडमध्ये तेवढं पुढचं काही कळायचं नाही.

मग ते जिथे वाजवतील तिथे मी. वाशीच्या एका शाळेचं सभागृह, बेलापूरची अर्धवट बांधलेली इमारत, पनवेलच्या वाचनालयाची गच्ची. कधी वीसेक माणसं असायची, कधी नुसते खुर्च्या मांडणारे. त्यांनी दोन कॅसेट काढल्या होत्या, घरीच रेकॉर्ड केलेल्या, वर झेरॉक्सचं कव्हर. माझ्याखेरीज कुणी घेतल्या असतील तर त्यांच्या नातेवाइकांनी. पहिली कॅसेट नुसता खडखडाट होती, हे त्यांच्या तोंडावर सांगणारी मीच. दुसरीत ते थांबायला शिकले. आणि तिसरीसाठी एक तुकडा तयार होत होता, त्याला ते 'खाडी' म्हणायचे. आगरी लग्नांत बायका धवला म्हणतात, त्यातलीच एक ओळ बेंजोवाल्याने धरली, मोडली, वळवली, आणि त्यातून स्वतःची अशी चाल काढली की मूळ ओळ त्याच्या घरच्यांनाही ओळखू येईना. दर कार्यक्रमाला ती थोडी वाढायची. मी ती वाढताना पाहिली आहे, म्हणून एवढी तळमळ.

एका रविवारी शेडमध्ये 'खाडी' अशी काही लागली की वाजवून झाल्यावर तिघंही बराच वेळ एकमेकांकडे बघेनात. आमचा टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला, मी तिथे नेला होता आणि सगळं टेप केलं होतं. तुकड्याच्या मधोमध एक जागा आहे, सगळे थांबतात. नेमक्या त्या शांततेत बाहेर एक ट्रक मागे घ्यायला लागला आणि त्याचा रिव्हर्स हॉर्न वाजला, टीं टीं टिटीं टीं. मला रडू फुटायचं बाकी राहिलं. पण कारकून म्हणाला, "राहू दे. यापेक्षा चांगलं आपल्या हातून होणार नाही. हीच टेप अल्बमला." शेडमध्ये ओल होती, म्हणून टेप माझ्याकडे ठेवायला दिली. कुणी चुकून त्यावर काही भरू नये म्हणून मी घरी येऊन कॅसेटच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या सुरीने तोडून टाकल्या. चुकून होणाऱ्या गोष्टींचा बंदोबस्त मी केला होता.

आता दादा. दादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा, कोपरखैरण्याला राहायचा, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. आमच्या घराण्यात सगळे कारकून नाहीतर मास्तर, त्यामुळे हा एकटा कलाकार म्हणून सगळ्यांचा लाडका. आमच्याकडे आला असताना त्याने ती टेप लावली आणि घरभर हसला. "हे काय, कावळे उडवायला केलंय का?" बाबाही हसले. पण जाताना म्हणाला, "दे गं, निवांत ऐकतो." मी दिली. आनंदाने दिली. घरातलं कुणीतरी ते ऐकणार होतं! पुढे जेव्हा मागितली तेव्हा एकच उत्तर: "ऐकतोय अजून." पावसाळा संपत आला तरी तो ऐकतच होता.

गणपतीत कळलं. सकाळी ऑफिसला निघाले होते, सेक्टरच्या मंडळाचा लाउडस्पीकर चालू होता. आधी ढोलकी, मग 'गो पोरी' वगैरे नेहमीचं कोळीगीत आणि मग चाल. 'खाडी'ची. धावती केलेली, नटवलेली, पण तीच. मी रस्त्यात उभी राहिले. वाटलं, धवल्याची ओळ आणखी कुणी वेगळी घेतली असेल, कशाला उगाच कुणावर आळ घ्या. तेवढ्यात गाणं थांबलं आणि कीबोर्डवर, चांगल्या तुतारीच्या आवाजात, वाजलं: टीं टीं टिटीं टीं.

टेप दादाकडेच होती. गधड्याने ट्रक पण उचलला होता. त्याला वाटलं, तीही रचनाच आहे! तुर्भ्याच्या कुठल्याशा ड्रायव्हरने मागे घेतलेला ट्रक त्याने सुरात बसवला होता, आणि मंडळाची पोरं नेमकी त्यावरच टाळ्या वाजवत होती. दुपारी वाशीच्या दुकानातून कॅसेट आणली. कव्हरवर चमचमत्या शर्टात दादा, खाली 'संगीत' म्हणून त्याचं नाव.

मी त्याच संध्याकाळी कोपरखैरण्याला जाऊन माझी टेप हिसकावून आणली. तो जरासुद्धा ओशाळला नाही.

"सूर काय कुनाच्या बापाचे असतात का? आणि त्या तिघांना ओळखतं कोन? टेन्शन नको घेऊ तू."

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "घरातली गोष्ट आहे. भाऊ आहे तुझा."

नवरात्रात पनवेलला त्या तिघांचा कार्यक्रम होता. कॅसेटच्या गाण्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. भाऊ माझाच, जीभ उचलली नाही. 'खाडी' सुरू झाली, चाल वर आली आणि मागच्या रांगांतून शिट्ट्या. लोक ठेका धरायला लागले. त्यांना इतक्या टाळ्या कधीच मिळाल्या नव्हत्या. मग कुणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, कॅसेटवाल्याची कॉपी काय मारता? नीट तरी वाजवा!" सभागृह हसलं. बेंजोवाल्याने बटणांवरची बोटं उचलली. पिंपवाला दोन ठोके पुढे गेला आणि थांबला.

बाहेर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. बेंजोवाला माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो बेंजो पिशवीत घालत म्हणाला, "आता ह्यो आमचा नाय र्‍हेला."

"आणि अल्बम?" मी विचारलं.

कारकून म्हणाला, "आता काढला तर चोर आम्हीच ठरणार."

त्या दिवशी मी ठरवलं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इथे चोराला बोंब मारायचीही गरज पडली नव्हती; ते काम लोकांनीच केलं होतं.

दिवाळीत आत्या बाबांना ओवाळायला आमच्याकडे यायची, आणि तिच्याबरोबर दादा, कारण मला सख्खा भाऊ नाही, त्याला मी ओवाळायचे. आमच्यात एक नियम फार कडक: पाटावर बसलेल्याने ओवाळून झाल्याशिवाय उठायचं नाही. उठला तर अपशकुन. आत्याचं माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याकडचं, ती असल्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. मला हव्या होत्या तेवढ्याच दोन गोष्टी: हा पाट आणि ही आत्या.

भाऊबीजेला सगळी मंडळी हॉलमध्ये जमली. दादा नवीन कुडता घालून पाटावर बसला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मग निरांजन न पेटवता तबक खाली ठेवलं आणि त्याच्या मागे ठेवलेला टू-इन-वन चालू केला.

आधी त्याचीच कॅसेट लावली. आत्या फुलून गेली. "माझ्या लेकाचं गाणं! समद्या साताऱ्यात वाजतंय." ते संपल्यावर मी माझी टेप घातली. सुरुवातीची सगळी हळू चाल मी कुणाला बोलू दिली नाही. दादाची मान खाली गेली होती. मग ती शांतता आली आणि हॉर्न वाजला.

"ट्रक कुठनं आला गं मधीच?" आत्याने निरागसपणे विचारलं.

"तुर्भ्याहून," मी म्हटलं. "तुमच्या लेकाच्या गाण्यात तुतारी वाजते ना, ती हीच. दुसऱ्यांचं चोरताना ट्रक कुठला आणि सूर कुठला, एवढंही कळलं नाही त्याला."

आधी माझी चुलती हसली, मग सगळेच. बाबा म्हणाले, "बंद कर ते." दादा लालबुंद होऊन उठायला लागला. तेव्हा आत्याने, शरमेने तोंडाला पदर लावून, त्याचा खांदा दाबला.

"बस खाली. ववाळल्याबिगर उठतुयास कुठं?"

तो बसला. मी विचारलं, "ओवाळणी काय घालणार?"

"काय पाहिजे?" त्याने पाटाकडे बघत विचारलं.

"चाल कुणाची ते सांग."

"त्यांची."

"मोठ्याने."

"त्यांची हाय चाल! मी घेतली. झालं?"

झालं होतं. नाकाला मिरच्या झोंबलेला माणूस मी इतक्या जवळून त्याआधी पाहिला नव्हता, आणि खोटं कशाला सांगू, मला ते गोड लागलं. पण टेप अजून चालूच होती आणि मी ती बंद करणार नव्हते. बसू दे म्हटलं, ऐकू दे सगळं. मंडळींना दहा मिनिटांतच कंटाळा आला. एकेक जण फराळाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात सरकला. आत्या डोळे पुसत गेली. हॉलमध्ये मी आणि पाटावरचा तो.

आणि मग मला ते दिसलं. त्याचं बोट गुडघ्यावर हलत होतं. 'खाडी'त पुढे एक ठिकाण आहे, जिथे पिंपाचा ठोका यायला हवा तिथे येत नाही, जरासा उशिरा येतो. मला ते कळायला किती रविवार लागले होते. दादाचं बोट तिथे हवेत थांबलं, पिंपवाल्याइतकंच थांबलं, आणि बरोबर पडलं. त्याने श्वाससुद्धा त्याच जागी घेतला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते अपमानाने नव्हते.

टेप टक्कन थांबली. उरलेली 'खाडी' मागच्या बाजूला होती. त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं, "दुसरी बाजू लाव ना."

म्हणजे तो खरंच ऐकत होता, सगळे महिने. अख्ख्या नव्या मुंबईत ते संगीत माझ्याइतकं ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्याच घरातला. माझ्याबरोबर तो तुर्भ्याला आला असता. परतताना कुणाशी तरी बोलावं म्हणून मी किती तडफडले होते! न कळून चोरलं असतं तर कदाचित मी विसरले असते. याला कळत होतं. आपण काय मोडतोय हे कळत असताना त्याने ते मोडलं, वर घरभर हसला.

मी कॅसेट काढून पदरात बांधली. निरांजन पेटवलं, ओवाळलं आणि म्हटलं, "ऊठ."

बेंजोवाल्याला मी जाऊन सांगितलं की त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. तो म्हणाला, "घरान बोलला ना? मंग घरानच र्‍हेला." तो पुन्हा हळदी वाजवायला लागला होता. तिसरा अल्बम कधी निघाला नाही.

दादाला मी अजूनही दर वर्षी ओवाळते. आता त्याचे केस पिकलेत, ऑर्केस्ट्रा सुटला. मधे दोनदा त्याने टेपच्या दुसऱ्या बाजूचं विचारलं, एकदा तर आत्या गेली त्या वर्षी, फार हळू आवाजात. टेप माझ्याकडे आहे, वाजते. मी त्याला ती ऐकू दिलेली नाही.