नाक, मशीन आणि पारनेरचे दोन दिवस

सोमवारी मशीन परत करायचं, हे ठरवूनच मी शनिवारी पुण्याहून निघाले. झोपेत माझा श्वास मध्येच अडतो. त्यासाठी रात्री मास्कमधून हवा सोडणारं मशीन महिनाभर भाड्याने आणलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सोडू नका, तुमचं बी.पी. त्यामुळेच चढतंय. पण रोज सकाळी नाक आतून सोलवटलेलं, खपल्या धरलेलं, कधी रुमालावर रक्ताचा ठिपका. मी दमले होते. तरी बॅगेत साड्या कमी आणि मशीनच जास्त.

जाणार असाल तर सांगते. शिवाजीनगरहून नगरची कुठलीही एसटी घ्या (जिल्ह्याचं नाव बदललं, माझ्या तोंडात जुनंच बसलंय). बायकांना अर्धं तिकीट. सुप्याला उतरा, तिथून पारनेरला एसटी किंवा जीप मिळते. शिरूर मागे पडलं की वारा कोरडा होतो. फेब्रुवारी संपत आलेला, शेतात कांद्याची काढणी चाललेली. जीपमध्ये शेजारच्या म्हातारीने माझ्या मांडीवरची बॅग दाबून पाहिली.

"शिलाई मशीन हाय का, बाई?"

"नाही आजी, श्वासाचं आहे."

"अगं बया! आमच्याकडं श्वास फुकाट हाय."

सगळी जीप हसली. मीही हसले, आणि नाक चुरचुरलं.

शमीम आणि मी नगरच्या कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलवर आठ वर्षं एका खोलीत होतो. आता ती मुलगा-सुनेबरोबर पारनेरला असते. दारातच म्हणाली, "लली, तुझं नाक बघ, जोकर दिसतेस!" जेवायला बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा आणि कच्चा कांदा. जेवण झाल्यावर तिने वाटीत तूप पातळ केलं आणि माझ्या दोन्ही नाकपुड्यांत सोडलं. बरं वाटलं. मग मशीन लावून आडवी झाले, तर मास्क तुपावरून घसरायला लागला आणि कडेने हवा सुटली.

"कुकर लावलास का गं?" शमीम दुसऱ्या खाटेवरून ओरडली.

"मास्क आहे. परवापासून नाहीच लावणार, कटकट संपली."

"आणि झोपेत गेलीस म्हणजे?"

मी मास्कचा पट्टा आवळला. ती उठली, पाणी संपलं असेल म्हणून तिने मशीनची छोटी टाकी उघडली आणि तशीच थांबली. "अगं, याला हॉस्टेलच्या सिस्टरच्या आजारी खोलीचा वास येतोय!"

येणारच. मी रोज त्या पाण्यात निलगिरीचे चार थेंब टाकत होते. मशीन पाणी गरम करतं, हवेत ओल देतं, एवढंच दुकानदाराने सांगितलं होतं. पण वाफ म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे ती खोली येते. डोक्यावरून घेतलेलं ब्लँकेट, खाली वाफेचं पातेलं आणि पाठीवर सिस्टरचा हात. निलगिरी नसलेली वाफ मला वाफच वाटत नाही.

शमीमने माझ्याच फोनवरून मशीनवाल्याला गाठलं, निलगिरीचं सांगितलं आणि स्पीकर लावला.

"मॅडम, रोज टाकत होतात?"

"रोज."

"अहो, ते तेल रात्रभर नाकात जाणार, आग होणारच! नुसतं डिस्टिल्ड वॉटर घाला, तेही रोज बदलायचं. टाकी आणि नळी साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. वास गेला नाही तर नवी टाकी देतो. झोपायच्या आधी नाकात साधा सलाईनचा स्प्रे मारा. तूप, व्हॅसलिन काही नको, मास्क खराब होतो. कोरडं वाटलं तर वाफेचा आकडा एकेक वाढवा."

"तूप मी घातलं," शमीम बारीक आवाजात म्हणाली.

ती रात्र मशीनशिवाय गेली. रविवारी डोकं जड. धुतलेली टाकी सावलीत पालथी घालून आम्ही बाजारात गेलो. मेडिकलवाल्याने विचारलं, "डिस्टिल्ड पानी बॅटरीला व्हय?" शमीम म्हणाली, "व्हय, हिची बॅटरी उतरलीय." स्प्रे आणि पाणी घेऊन एसटीने राळेगणसिद्धीला गेलो. अडवलेल्या पाण्याचे बंधारे बघायला सकाळी जा, उन्हात सावली कमी. माझ्याने फार चालवलं नाही. एका बांधावर बसून दोघी पेरू खात राहिलो.

रात्री स्प्रे मारला, नुसतं डिस्टिल्ड पाणी घालून मशीन लावलं. सोमवारी उजाडता जाग आली. नाक थोडं कोरडं होतं, पण आग नव्हती. महिन्यात प्रथमच मी न चिडता पडून राहिले, म्हणून शेजारचं ऐकू आलं. शमीम घोरत होती. घोरणं एकदम थांबलं. मी मास्क काढून उठून बसले. ती शांत, छाती हलेना. मग एक मोठा आचका आणि पुन्हा घोरणं. माझ्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं माझ्यासमोर झोपलं होतं.

चहाला तिला सांगितलं. "मी? आमच्यात कुणी घोरत नाही!" सून आत भांडी घासत होती. ती म्हणाली, "अम्मी, भिंतीपलीकडं ऐकू येतं."

दुपारी पुण्यात पोचले. मशीन न्यायला माणूस कधी पाठवू, असा दुकानातून फोन आला. पाठवू नका म्हटलं, आणि शमीमसाठी झोपेच्या तपासणीचं विचारलं. थकवा अजून आहे, एका रात्रीत जाणारा नाही. सकाळी नाकात एखादी खपली असते, तेवढं चालतं.

गुरुवारी शमीम तपासणीला येतेय. रात्रभर मी तिच्याजवळ थांबणार आहे. काल फोनवर तिने दोनदा बजावलं, "घोरले तर डॉक्टरला सांग, शाळेतल्या कुणाला नको."