तीस बुटके, तीन हिस्से

शूर पुरुषांचा मला मनस्वी कंटाळा आहे. त्यातही कागदावरच्या शूर पुरुषांचा. त्यांना फक्त रविवारीच सहन करावं लागतं, एवढंच नशीब.

गुडीहत्नूरला आमच्या घरी रविवारी दुपारी एक खेळ चालतो. धाकटा भाऊ हैदराबादच्या कंपनीत आहे, काम घरूनच करतो, त्याने तिकडून हा नाद आणला. टेबलावर चौकोनी रेघांचा मोठा कागद पसरायचा. भाऊ गोष्ट सांगतो, जंगल, गढी, राक्षस, काय असेल ते, आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपण काय करायचं ते आपण सांगायचं, जमलं की फसलं ते फासा सांगतो. आपल्या माणसाचा जीव किती, हत्यारं कोणती, सगळं आपापल्या कागदावर लिहिलेलं असतं. आणि आमच्या घरचा नियम असा की माणूस मेला की ज्याने त्याने आपला कागद आपल्या हाताने फाडायचा. रडारड चालत नाही. नवा कागद घ्यायचा आणि पहिल्या लेव्हलपासून सुरू करायचं.

माझी एक वैदीण होती. दोन वर्षं जपलेली. वर्गात पोरं माझं ऐकत नाहीत, घरी आई ऐकत नाही, पण या कागदावरच्या बाईने हात ठेवला की पडलेला माणूस उठून बसायचा. हसायचं तर हसा. तिचा कागद फाडायची वेळ आली असती तर माझ्या घशाखाली आठ दिवस घास उतरला नसता. मला ती बाई जिवापाड आवडायची.

बाकीचे तिघे म्हणजे काय सांगू! एक आमच्या शाळेतले पीईटी सर, म्हणजे कवायतीचे मास्तर. शिट्टी गळ्यात घालूनच येतात, रविवारीसुद्धा. दुसरा सीमेवरच्या गावातला कापूसवाला, घरची जमीन भरपूर, बोलण्यात ती प्रत्येक वेळी दोन एकर वाढते. तिसरा मंडल ऑफिसातला, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीतला, कारकून. हा सगळ्यांत वयाने मोठा, चष्मा कपाळावर, आणि जगातल्या कुठल्याही भानगडीचा नक्शा काढला की ती मिटते अशी त्याची श्रद्धा. तिघांचेही कागदावरचे गडी तलवारबहाद्दर. तिघांनाही खात्री की आपल्या जोडीचा गडी नाही.

त्या दिवशी भावाने आम्हाला एका पडक्या गढीत नेलं. आम्ही दारातून आत शिरलो आणि आवारात तीस बुटके उभे. गुडघ्याएवढी चोरटी माणसं, हातात सुऱ्या, एका फटक्यात मरणारी.

"हे तं चिल्लर हाय बापा," कापूसवाला म्हणाला. पीईटी सर नुसते हसले. हसताना ते शिट्टीला हात लावतात.

मी म्हटलं, "आपण चौघं भिंतीले पाठ लावून एका ओळीत उभे राहू. हरेकाच्या समोर दोघं-तिघंच येतीन."

हे मी कुठून शिकले ते सांगते. माझी आई लोकांच्या वावरात निंदणाला जायची. वीस बायका ओळीने बसत, कोणी पुढे जायचं नाही, कोणी मागे राहायचं नाही. बाईच्या शेजारी बाई असली की दिवसाकाठी वावर साफ. एकटा पहिलवान त्याच वावरात सोडा, तो तीन दिवस खुरपत बसेल. हे कळायला तलवार लागत नाही.

कापूसवाला म्हणाला, "मॅडम, हे निंदण नोहे, लढाई हाय."

आणि मग कारकुनाने चष्मा खाली ओढला, पेन्सिल घेतली आणि गढीच्या आवाराचे चक्क तीन हिस्से केले. रेघा मारून! हद्दी टाकून! तीस बुटके, तीन गडी, दरडोई दहा. उत्तरेकडचा हिस्सा सरांचा, विहिरीकडचा कापूसवाल्याचा, उरलेला त्याचा स्वतःचा. आयुष्यभर भावाभावांच्या जमिनीचे तुकडे पाडलेला माणूस, त्याला समोर दुश्मन दिसले तरी वाटणीच सुचणार.

"अन् मी?" मी विचारलं.

"तुमी मधात राहा न, मॅडम. कोणी पडलं तं औषध देजा."

मला हिस्सा नाही. बरं.

तिघे तीन दिशांना गेले. आता जरा गंमत बघा. चौकोनी कागदावर एका माणसाच्या भोवती आठ घरं असतात. एकटा उभा राहिलात की आठही घरं भरतात. तुम्ही एक वार करता, एक बुटका मरतो, तुम्ही छाती काढता, आणि मरणाऱ्याच्या जागी मागचा येऊन उभा. मग त्यांची पाळी. आठ फासे. सात हुकतात, एक लागतो. एकाने काय होतं, असं म्हणून तुम्ही चहाचा घोट घेता. तुमची पाळी परत येईपर्यंत भाऊ तिघांवर मिळून चोवीस फासे टाकतो, आणि तेवढा वेळ तुम्हाला काहीही करता येत नाही. तलवार केवढी का असेना. मी त्या तिघांची तोंडं बघत होते. चौथ्या फेरीपर्यंत सरांचा हात शिट्टीवरून खाली आला होता.

"कापूसवाले, या न इकडे!" सर ओरडले.

"माह्या हिश्शातले सरू द्या अगुदर."

खोटं सांगत नाही, हेच बोलला. वर आणखी कहर म्हणजे त्याच्यापुढचे दोन बुटके विहीर ओलांडून कारकुनाच्या बाजूला गेले, तर हा म्हणतो, "आता ते तुमच्या हद्दीत गेले, भाऊ, ते तुमचे." आणि कारकुनाने मान डोलावली! पटलं त्याला! माझ्या मनात आलं, यांना बुटके कशाला मारायला हवेत, यांना एक मोजणीदार पाठवला तरी पुरे.

सर पडले. मी धावत गेले, औषध दिलं, उठवलं. उठले तसे परत पडले, कारण आठ जण तिथेच उभे होते, ते काय सर उठायची वाट पाहत बाजूला बसणार होते? पुढच्या फेरीत कापूसवाला पडला. आता सरांचे राहिलेले बुटके माझ्याकडे वळले. कोणी म्हणतं "मॅडम, इकडे", कोणी म्हणतं "मॅडम, अगुदर मले." माझ्याकडे एकच औषध उरलेलं.

मी कागदाकडे पाहिलं. दार माझ्यापासून चार घरांवर होतं.

"मी बाहेर निघाले," मी म्हटलं.

"ताई, नक्की?" भावाने विचारलं.

"नक्की."

"मॅडम, असं नाई करा लागत!" कापूसवाल्याने हातातला बज्जीचा तुकडा खाली ठेवला.

"काऊन? त्या नक्श्यावर माह्या नावानं काय लिहिलं हाय?"

हे विचारून मला फार बरं वाटलं, लपवत नाही. आईने लोकांची वावरं साफ केली, तिच्या वाट्याला धुऱ्याबांधावरची भाकर. मी कोणाच्या हिश्शासाठी मरू? मी माझी सोंगटी उचलली आणि दाराबाहेर ठेवली.

भाऊ हळूच म्हणाला, "ताई, बुटके तुह्यापेक्षा जोरात पयतात. पुढच्या पाळीत सात जण तुले गाठतीन."

इतका वेळ दुसऱ्यांची अक्कल काढत बसलेली मी, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात नव्हती. तो कागद माझ्या हातात होता, दोन वर्षांचा, कोपरे मऊ झालेला. मी तो मांडीवर उपडा घातला.

आता पाळी कारकुनाची. त्याच्या गड्याचा जीव नऊवर आला होता. त्याने चष्मा पुसला. मला वाटलं, हा आता नवीन रेघ मारतो.

"मी हिस्सा सोडला," तो म्हणाला. "दारात येतो."

घेऱ्यातून निघताना त्याच्यावर सगळ्यांनी एकेक वार केला, दोन लागले. जीव राहिला पाच. तो दारात येऊन उभा राहिला, तोंड आत, पाठ माझ्याकडे. दार एका घराचं. समोरून एकच बुटका येऊ शकत होता. फार तर दोन बाजूंनी आणखी दोघं, पण भिंत मध्ये होती. पहिली फेरी, एक मेला. दुसरी, एक मेला. तिसऱ्या फेरीत त्याला लागलं. टेबलावर कोणी चहाला हात लावत नव्हतं. दर फेरीला भाऊ माझी सोंगटी सहा घरं पुढे सरकवत होता, आणि मी नुसती बसून होते. पाचव्या फेरीत तो पडला. मी तोवर जंगलात पोचले होते, बुटक्यांच्या नजरेआड.

सरांनी कागद फाडला, कापूसवाल्याने कुरकुरत फाडला. कारकुनाने आपला कागद नीट घडी घालून, घडीवर नख ओढून फाडला. त्याचा गडी माझ्या वैदिणीपेक्षा जुना होता.

"काऊन केलं तुमी असं?" मी विचारलं.

"नवे तिघं कच्चे राहतीन, मॅडम. वैदीण तरी जुनी पायजे."

आभार मानायचे होते. तोंडात आलेही होते. पण माझ्या तोंडून निघालं ते असं, "मंग हे पहिलेच काऊन नाई सुचलं तुमाले? तिघांचे कागद वाचले असते."

"नाई सुचलं," तो म्हणाला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. त्याने भावाकडून कोरा कागद मागून घेतला, माझ्यासमोर सरकवला आणि विचारलं, "मॅडम, आता मी कोण होऊ, तुमीच सांगा."

मी त्या कोऱ्या कागदाकडेच बघत राहिले. मान वर करून त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.