खंड्यानं खळ प्यायली ती दुपार

अण्णा गेल्याचा निरोप मोहोळला सासरी आला तेव्हा मी अंगणात शेंगा फोडत होते. निरोप आणणारा पाणी घेईना, बसेना... तेव्हाच काय ते समजले. अण्णा माझे थोरले भाऊ. भेटायला येणारा जो तो म्हणतो, फार शांत माणूस. कसले शांत! त्यांना हुंदके देऊन रडताना मी पाहिलंय, आणि महिना उलटला तरी ती एक दुपार डोळ्यांपुढून हलत नाही.

सोलापुरात विणकरांच्या गल्लीत अण्णांचं रंगाचं दुकान होतं, मागे घर. समोर गल्लीभर सूत ताणून विणकर त्याला पिठाची खळ लावायचे. खळीला बुरशी धरू नये म्हणून तीत निळा, विषारी मोरचूद घालत, तोही अण्णांच्याच दुकानातला. अण्णांना मूलबाळ नव्हतं. कुत्रा होता, खंड्या. तो जेवला का, हे विचारल्याशिवाय हा गृहस्थ पानावर बसायचा नाही.

मी माहेरी आले होते. भर उन्हात खंड्या झोकांड्या खात दारात आला. तोंडातून लाळेच्या तारा, पोट खपाटीला. पिसाळलं, पिसाळलं म्हणत शेजारचे काठ्या घेऊन धावले. वहिनी मीठमोहऱ्या ओवाळायला लागल्या. अण्णांनी पाणी पुढे केलं तर त्यानं तोंड फिरवलं. झालं, पाण्याला भितोय म्हणून काठीवाल्यांना पुरावाच मिळाला! तेवढ्यात खंड्या ओकला... हिरवंनिळं. अण्णा वाकून ते निरखायला लागले. तो रंग ते रोज तराजूत तोलत होते.

"काठ्या टाका. पिसाळला न्हाय त्यो, खळ प्यालाय."

अशा विषावर दूध आणि अंड्यातलं पांढरं द्यावं, हे त्यांनी डॉक्टरांकडून कधीतरी ऐकलं होतं. दूध घरात वाटीभरच. आणि अंडं? आम्ही लिंगायत, अंडं उंबऱ्याच्या आत कधी आलेलं नाही. समोरच्या नरसम्मा विणकरणीकडे कोंबड्या होत्या. ती अंडी घेऊन पायरीवरच थबकली. मी फोडते, तुम्ही बाटू नका, असं काहीतरी ती म्हणाली. अण्णांनी हात पुढे केला.

"दे हिकडं. त्याला माज्याच हातचं खायची सवय हाय."

जन्मात अंडं न फोडलेला माणूस! पहिलं हातातच चिरडलं, दुसऱ्याची टरफलं वाटीत पडली. जबड्याच्या कडेनं थोडं थोडं ओतत होते. तो ओकायचा, हे पुन्हा ओतायचे. हिरड्या पांढऱ्याफटक. मी त्याच्या पोटावर ओलं फडकं धरून होते. श्वास थांबला असं वाटायचं, मग हळूच फडकं हलायचं... वहिनी रडत होत्या. अण्णा त्यांच्यावर खेकसले, आणि मग स्वतःच हुंदका देऊन रडले. दिवेलागणीला खंड्यानं मान उचलून त्यांचा चिकट हात चाटला. पुढं कितीतरी वर्षं जगला तो. आणि गल्लीत कुणाचं खळीचं मडकं उघडं दिसलं की अण्णा दुकानातूनच ओरडायचे.

परवा वहिनींना भेटायला पुन्हा गेले. दुकान बंद होतं. समोर नरसम्माची सून खळीचं मडकं उघडं टाकून उठली. नरसम्मानं लगबगीनं त्यावर झाकण ठेवलं, झाकणावर दगड ठेवला आणि सुनेला तेलुगूत फैलावर घेतलं. त्यातलं मला 'अण्णा' एवढंच कळलं. अण्णा बघतील तर ओरडतील, असंच काहीसं असावं. मग तिची नजर बंद दुकानाकडे गेली, आणि तिनं झाकणावर आणखी एक दगड ठेवला.