न वाजलेला भोंगा

भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. शाळेत मैत्रिणी असलं काही सांगू लागल्या की मी मुकाट्याने डबा उघडायचे. तरी हे लिहितेय... कारण या एका गोष्टीपायी माझा भाऊ हातचा जाणार होता.

आम्ही अंबरनाथ पश्चिमेला राहतो. नव्वदीची सुरुवात, मी नुकतीच कॉलेजात गेलेली. दादा दरवर्षी अख्ख्या बिल्डिंगसाठी आकाशकंदील करायचा. त्या वर्षीही त्याने कॅम्प दोनच्या बाजारातून पतंगी कागद आणला, बांबूच्या कामट्या सोलल्या — आणि तसाच बसून राहिला. चिकटवायला केलेल्या खळीला बुरशी आली.

"दादा, कधी करणार?"

"करू."

आंघोळही "करू". एकदा पेपर खाली ठेवून हळूच म्हणाला, "अक्षरं दिसतात गं, पण वाक्य लागत नाही." मी आईला सांगितलं.

"आळशी झालाय मेला," आई म्हणाली.

मग एका सकाळी चहा पिताना दादा म्हणाला, "आज भोंगा नाही वाजणार."

कारखान्याचा भोंगा... डबे भरणं, पोरांना उठवणं, आमचं सगळं त्याच्यावर चालायचं. आई म्हणाली, "तुला विचारून वाजतो का रे तो?"

नाही वाजला.

शेजारचे सावंतकाका त्याच कारखान्यात. संध्याकाळी ते थेट आमच्याकडे आले. "वहिनी, भोंगा ऐनवेळी बंद पडला. आम्हालाच माहीत नव्हतं, ह्याला कसं कळलं?"

झालं! आळशी पोरगा देवमाणूस झाला. बायका येऊ लागल्या — मुलीचं कधी जमेल, ह्यांची बदली होईल का. दादा भिंतीकडे बघून पुटपुटायचा, त्या त्याचेही अर्थ लावायच्या. "तुम्ही ताटात काहीतरी घालता" म्हणत त्याने जेवण टाकलं, तर आईला तो उपास वाटला. मी आईपुढे डॉक्टरचं नाव काढलं.

"वेड्यांच्या डॉक्टरकडे? त्याच्या जिभेवर देव आहे, कळतं का तुला?"

मी चारचौघांत कधी बोलत नाही. पण एका दुपारी खोली भरलेली असताना कामट्यांची जुडी आणून दादापुढे ठेवली. "दादा, नुसता एक चौकोन बांध."

त्याने दोन कामट्या जुळवल्या. सोडल्या. पुन्हा जुळवल्या... दोऱ्याचं टोक हातातच होतं, तरी शोधत राहिला. मग लहान मुलासारखा रडू लागला. "जमत नाही गं."

आईनेच पायात चपला सरकवल्या. "चल. कुठे बसतो तो डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाले, स्किझोफ्रेनिया. पुष्कळदा असाच दबक्या पावलांनी येतो — आधी आवडीचं काम सुटतं, लक्ष लागेनासं होतं. "आणि भोंगा?" आईने विचारलं. "योगायोग," ते म्हणाले.

असेलही. पण किती सहज म्हणाला होता तो... मला अजून उलगडा झालेला नाही. दादाला विचारलं, तर त्याला ती सकाळच आठवत नाही.

गोळ्या चालू आहेत. यंदा त्याने एक कंदील केला, जरा वाकडा. अजूनही कधी भोंगा लांबला की आई दादाच्या तोंडाकडे बघते.

मी त्याच्या हातांकडे.