मेपल आणायला गेले, पिंपळ घेऊन आले

मंडळी, आज रजा टाकून लोणी काळभोरजवळच्या एका नर्सरीत गेले होते. पहिलंच बोन्साय घ्यायचं होतं, आणि तेही मेपलचं. व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या सहकाऱ्याच्या खिडकीत ते झाड लाल होत जायचं आणि मी मीटिंग सोडून तिकडेच बघत बसायचे.

नर्सरीवाल्या मावशी म्हणाल्या, "त्याला थंड हवा लागती ताई. आपल्या उन्हात पानं करपत्यात. पहिलंच हाय ना, मग पिंपळ न्या."

पुढ्यातल्या कुंडीत वीतभर काड्या होत्या. पान एकही नाही.

"हे तर वाळलंय," मी म्हणाले.

त्यांनी नखानं साल जराशी खरवडली. आत हिरवंगार. "पानगळ हाय. थोडे दिस थांबा, तांबूस लाल पालवी फुटंल. तवर पाणी बेतानं."

गेल्या फाल्गुनात, आईनं यवतमाळहून पाठवलेल्या पिंपळाच्या रोपाची पानं अशीच गळाली होती. मेलं समजून मी ते कचऱ्याच्या गाडीत टाकलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

आता हा पिंपळ माझ्या खिडकीत आहे. उतरत्या उन्हात काड्यांची सावली भिंतीवर पसरलीये आणि मला तिच्यावर लाल पानं दिसतायत, हलणारी, अगदी खरी वाटणारी.

एवढ्यात आईचा फोन येईल. ती दर वेळी विचारते, पिंपळ कसा आहे.

तुम्हीच सांगा, पानगळ चालू आहे म्हणू का?