नव्या पाट्यांवरची पहिली फेरी

भूतखेत, चकवा, हडळ... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. वडील शाळामास्तर, घरात अंगारे-धुपारे चालायचेच नाहीत. आज ऐंशी उलटली तरी मत तेच आहे. फक्त एक गोष्ट त्या मतात बसत नाही, ती सांगते. सून मोबाईलवर टाइप करतेय.

लग्न होऊन मी टोकावड्याला आले ते साठ-एकसष्ट सालाच्या आसपास. ह्यांच्याकडे एक जुनी पिकअप होती – दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीने लिलावात काढलेली. भात, पेंढा, लाकूड मुरबाडला पोचवायचे. इंजिन दणकट, पण मागचे पाटे पार बसलेले. पाटे म्हणजे चाकांवर गाडीचा भार तोलणाऱ्या कमानदार लोखंडी पट्ट्या. एक तर तुटलेली, तारेने आवळून ठेवलेली. खड्डा आला की धक्का थेट मणक्यात. “सुगी उरकली की बदलू,” हे म्हणायचे.

त्याच सुगीत माझी नणंद काशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. माझ्याच वयाची. सासरी मला मैत्रीण मिळाली ती हीच. कळा सुरू झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुईणीने हात टेकले. “मुरबाडला न्या, दवाखान्यात.”

गाडीत मागे पेंढा पसरला, वर गोधडी. काशीचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. पावसाने रस्ता उखडलेला.

“वैनी, दादाला सांग ना गो... हलू. लय हादरतंय.”

मी ओरडून सांगायचे, हे गाडी हळू करायचे. मग मलाच उशिराची धास्ती वाटायची... पुन्हा ओरडायचे, “चला, चला!”

सरळगावच्या अलीकडे ओढ्यावर एक मोरी आहे, छोटा पूलच. तिथे ती गप्प झाली. मला वाटलं, डोळा लागला.

बाळही गेलं.

त्यानंतर हे बोलेनासेच झाले. रडलेसुद्धा नाहीत – चिता पेटली तेव्हाही नाही. दिवसकार्य होताच कल्याणहून नवे पाटे घेऊन आले. म्हसा गावची जत्रा तोंडावर आलेली, सगळ्यांच्या गाड्या धावत होत्या. आमची अंगणात, मागचं अंग जॅकवर उचलून ओंडक्यांवर ठेवलेली. नट गंजून बसलेले. रॉकेल ओतून ते मुरू दिलं, मग पाना लावून घणाचे घाव. पाना मी धरला. जुने पाटे निघाले ते अगदी सपाट, कमान नावाला नाही.

“मूल आडवं होतं, डॉक्टर बोलले ना,” मी म्हटलं. “पाट्यांचा काय दोष?”

“हादरत होतं तिला,” हे म्हणाले. “मी ऐकत होतो.”

नवे पाटे बसले, ओंडके काढले. गाडी मागून चांगली वीतभर उंच दिसायला लागली.

“तू मागं बस. धक्का बसतो का सांग.”

“पुढं बसते ना...”

“नाय. बसली होतीस तिथंच बस.”

भर दुपार, लख्ख ऊन. खड्डे तेच होते, पण गाडी आता होडीसारखी नुसती डुलत होती. मोरी जवळ आली आणि माझी मांडी जड झाली. पायाला मुंग्या आल्या असतील, असं वाटलं. मग ऊब जाणवली. कूस बदलून कुणी डोकं टेकावं तसं वजन. खाली पाहिलं तर काहीच नाही... फक्त लुगडं दबलेलं.

भीती वाटली असं म्हटलं तर ते खोटं होईल. माझा हात आपोआप पुढे गेला, केसांवरून फिरवावा तसा. आणि अगदी जवळून, दमलेल्या आवाजात –

“वैनी, आता नाय हादरत.”

ते वजन सरळगाव मागे पडलं तरी होतं. मुरबाडची पहिली घरं दिसली, तेव्हा झोपलेलं मूल कुणी अलगद उचलून न्यावं तसं गेलं.

गाडी थांबली. हे मागे आले. मला वाटलं, धक्क्याचं विचारतील.

“मोरीवर तू काय बोललीस?”

“मी? काय नाय.”

“बाईचा आवाज आला. शब्द नाय कलले.”

मी शब्द सांगितले. गाडीचा फाळका धरून हे तिथेच रस्त्याच्या धुळीत बसले आणि हमसून हमसून रडले. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्या थांबल्या, कुणीतरी पाणी आणून दिलं. मी नुसती शेजारी बसून राहिले.

पायाच्या मुंग्या, इंजिनाची घरघर, दोन दुखावलेली मनं – हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय. पण मग ह्यांना बाईचा आवाज कसा ऐकू आला? ह्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही, आता तेही नाहीत.

परतताना हे म्हणाले, “पुढं ये.” मी गेले नाही. मागेच बसले, पाय मुडपून, मांडी तशीच धरून. मोरी आली, गेली. पुढेही कितीतरी वेळा मी मुद्दाम मागे बसून त्या रस्त्याने गेले...

मांडी रिकामीच राहिली.